भालचंद्राच्या दर्शनाला आलेल्यांना गावही दाखवा

प्रति,
सरपंच, सदस्य आणि समस्त ग्रामसभा,
लिंबागणेश, ता. जि. बीड

विषय : गावठाणातील जुनी घरे पाहुण्यांसाठी उघडण्याबाबत



मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर लिंबागणेशला ज्या गाड्या थांबतात, त्यांतल्या बहुतेक भालचंद्र गणपतीसाठी थांबतात. चतुर्थीला त्यांची संख्या वाढते, अंगारकीला आणखी वाढते. भाविक दुर्वा-नारळ घेतो, रांगेत उभा राहतो, दर्शन घेतो, बाहेर येऊन चहा पितो आणि पुन्हा गाडीत बसतो. देवळापलीकडे ज्या गल्ल्या आहेत, ज्या गावाने हा देव इतकी शतके सांभाळला, ते गाव त्याला दिसत नाही. त्याच्या लेखी लिंबागणेश म्हणजे एक देऊळ आणि एक फाटा.

ग्रामसभेकडे एकच मागणी आहे. गावठाणातली जी जुनी घरे अजून उभी आहेत आणि ज्यांच्या मालकांची मनापासून तयारी आहे, ती ठरलेल्या दिवशी पाहुण्यांना आतून पाहता यावीत. गावातल्याच माणसांनी ती दाखवावीत, त्यासाठी माफक शुल्क घ्यावे आणि त्या पैशाचा मोठा वाटा त्याच घरांच्या डागडुजीला मिळावा. हे काम कोणत्याही मंत्रालयाच्या परवानगीवाचून अडत नाही. ग्रामसभेच्या एका ठरावाने त्याची सुरुवात होऊ शकते.

घरे बघायला कोण येणार, हा प्रश्न सभेत पहिल्यांदा उठेल. त्याचे उत्तर मराठवाड्यात चारशे वर्षांपासून तयार आहे. पैठणला गोदाकाठी नाथांची समाधी आहे आणि गावात नाथांचा राहता वाडा आहे. एकनाथ महाराज (१५३३-१५९९) जिथे राहिले, जिथे त्यांचा देव आहे, त्या वाड्यात लोक पिढ्यानपिढ्या जात आले आहेत. तिथे एक रांजण आहे. श्रीखंड्या होऊन देव नाथांच्या घरी कावडीने पाणी भरत होता, ती कथा याच रांजणाची. तुकाराम बीजेपासून भाविक त्यात पाणी ओतू लागतात आणि नाथषष्ठीपर्यंत ती रीघ चालू असते. पाणी ओतायला आलेला माणूस वाड्याचा उंबरा ओलांडतो, खांबाला हात लावतो, ओसरीवर टेकतो. त्याने एक ऐतिहासिक घर पाहिलेले असते, फक्त तो त्याला तसे म्हणत नाही.

आपल्या जिल्ह्यातच अंबाजोगाईला दासोपंतांच्या (१५५१-१६१५) परंपरेतली थोरले देवघर आणि धाकटे देवघर ही दोन ठिकाणे दत्तजयंतीला गजबजून जातात. सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर ‘पंचीकरण’ लिहून काढणाऱ्या या माणसाची पासोडी अभ्यासक आजही नावाजतात. सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यात दर १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थळापुढे माथा टेकवायला महाराष्ट्र लोटतो. पुण्याच्या गंज पेठेत जोतीराव आणि सावित्रीबाईंचा फुलेवाडा राज्य संरक्षित स्मारक आहे. आणि लिंबागणेशवरून पाटोद्याकडे जाणारा हाच रस्ता पुढे जामखेड तालुक्यात उतरतो, जिथे चौंडी आहे. ३१ मे १७२५ रोजी अहिल्यादेवींचा जन्म या गावात झाला. त्रिशताब्दीच्या निमित्ताने ६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक चौंडीत भरली आणि तिथल्या स्मृतिस्थळासाठी सहाशे कोटींहून मोठा आराखडा मंजूर झाला.

म्हणजे घर पाहायला जाण्याची रीत आपल्याकडे आहे. मात्र त्या घरात संत, राणी किंवा महात्मा जन्मलेला असावा, अशी आपली अट असते. ज्या घरात शेतकरी जन्मले, नांदले, दुष्काळ काढून जगले आणि म्हातारे होऊन गेले, त्या घराला आपण पडकं घर म्हणतो आणि जेसीबीची वाट पाहतो. ही अट काढून टाकण्याचे काम एखाद्या गावाने अंगावर घ्यायला हवे. ज्या गावात लोक आपणहून येतात, त्या गावाला ते सगळ्यांत सोपे आहे.

बालाघाटातले जुने घर पाहायला घाई चालत नाही. रस्त्यावरून दिसते ती दगडी भिंत आणि मोठा दरवाजा. चौकटीच्या वरच्या पट्टीवर मधोमध कोरलेली गणेशपट्टी असते. भालचंद्राच्या गावात भाविकाला दाखवायची पहिली गोष्ट हीच ठरावी. गाभाऱ्यात ज्याचे दर्शन घेतले, तो गल्लीत दारोदार पुन्हा भेटतो. कुठे ठसठशीत, कुठे बोटभर, कुठे तेलाने आणि शेंदराने इतका माखलेला की सोंड तेवढी ओळखू यावी. कोरणाऱ्या सुताराचे नाव कुठे लिहिलेले नसते, पण दोन सुतारांचा गणपती कधी सारखा नसतो.

मोठ्या दाराच्या फळीतच लहान दिंडी असते. तिच्यातून वाकूनच आत जावे लागते आणि पाठीमागे भिंतीच्या पोटातून ओढून घ्यायचा अडसर असतो. आत ढाळज, तिथे राखणदार, गडी, वाटसरू बसत. मग उघडा चौक, भोवती ओसरी, तिच्या आत माजघर, माजघराच्या आत अंधारी कोठी. भिंतीत जागोजागी देवळ्या आणि कोनाडे. एका कोनाड्याचा माथा चिमणीच्या काजळीने काळा झालेला दिसतो. या घरात वीज केव्हा आली हे विचारायला तेवढी खूण पुरते.

मान वर केली की माळवद दिसते. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर ओळीने खांडे, खांडांवर दाटीने बसवलेले किलचन, त्यावर पाला, पाल्यावर चिखल आणि सर्वांत वर पांढरी माती. ही माती चोपून बसली की पावसाचे पाणी आत उतरू देत नाही. दिलेल्या ढाळाने ते पन्हळीकडे जाते आणि गल्लीत पडते. छतात साणे ठेवलेले असते. त्यातून धूर बाहेर जातो आणि उजेडाचा एक झोत आत येतो. पावसाळ्यात त्यावर झाकण पडते. मृगाच्या आधी माळवदावर चढून गवत उपटायचे, चिरा पाहायच्या, नवी माती टाकून ती दाबायची, हे वर्षाचे ठरलेले काम. वैशाखात बाहेर अंगाची लाही होत असताना माजघर गार राहते, याचे कारण या जाड भिंती आणि मातीचे हे छत. त्याच छतावर कुरडया-पापड वाळत, उन्हाळ्यात रात्री अंथरुणे पडत. गल्लीतली घरे एकमेकांना खेटून असत. त्यामुळे बायका खाली न उतरता माळवदावरून शेजारणीकडे जात.

आणि मग बळद. भिंतीच्या आत बांधलेले धान्याचे कोठार. ज्वारी वरून ओतायची आणि लागेल तशी खालच्या तोंडातून काढायची. काही घरांच्या अंगणात किंवा गावाच्या कडेला पेवे असत. जमिनीत खोल खोदलेल्या पेवात धान्य घालून वरून तोंड बंद करायचे. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. कोंडलेली हवा जाऊ द्यायची, दिवा दोरीने खाली सोडून तो तेवत राहतो का पाहायचे, मगच माणूस उतरवायचा. अवर्षणाच्या या मुलुखात घर बांधताना धान्य कुठे राहील याचा विचार माणूस कुठे झोपेल याच्या आधी केलेला असे. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी पुस्तकात वाचणाऱ्या मुलाला रिकाम्या बळदाच्या तोंडाशी उभे केले तर त्या गोष्टी वेगळ्याच समजतील.

ही घरे का पडतात, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे, तरी ते नीट मांडायला हवे. कारण समजल्याशिवाय उपाय सापडत नाही.

पहिले कारण उत्पन्नाचे. बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यानंतर १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, १९५० मध्ये कुळकायदा आला, पुढे इनामे गेली. जमीन कसणाऱ्याला मिळाली हे न्यायाचेच झाले. पण देशमुख, पाटील, कुलकर्ण्यांचे मोठे वाडे ज्या उत्पन्नावर आणि ज्या फुकटच्या राबणुकीवर उभे होते, ती दोन्ही संपली. वाडा राहिला आणि तो सावरणारे हात गेले. वारस पुण्या-मुंबईला लागले, एका घरावर अनेकांची नावे चढली आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर एकमत होईना.

दुसरे कारण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक निजले होते. चार वाजायच्या सुमारास किल्लारी परिसराला भूकंपाचा धक्का बसला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली. त्यांना मारले ते दगड-मातीच्या भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्याने. त्या दिवसापासून साऱ्या मराठवाड्यात माळवदाखाली झोपण्याची धास्ती बसली. पुढे सरकारने घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम घेतला, तेव्हाही कित्येकांनी जुने घर सावरण्याऐवजी मिळालेल्या पैशात शेजारी एक पक्की खोली बांधली. त्या भीतीला कोणी नावे ठेवू नयेत.

तिसरे कारण आजचे. घरकुल योजनेत मातीचे छत आणि मातीत रचलेली भिंत म्हणजे कच्चे घर. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातल्या गावात नव्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात, जुने माळवद नीट करायला मात्र त्यातून काही मिळत नाही. गरीब कुटुंबाने काय निवडावे हे मग उघडच आहे. त्यात लाकडाचे व्यापारी गावोगाव फिरतात. कोरीव चौकटी, खांब, दरवाजे उचलतात आणि मोठ्या शहरांत हॉटेलांच्या नि फार्महाऊसच्या दारी ते पुन्हा उभे राहतात. गावात उरतात दगड आणि माती.

या घरांमध्ये राहणे धोक्याचेच आहे, असे मात्र समजू नये. किल्लारीनंतर अभियंत्यांनी पडलेली आणि तगलेली घरे तपासली तेव्हा तीन दोष ठळकपणे पुढे आले. भिंतीला आत आणि बाहेर असे दगडाचे दोन थर असत. मध्ये बारीक दगड आणि माती भरलेली असे. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता, म्हणून धक्का बसताच थर सुटे झाले. कोपऱ्यात भिंती एकमेकींना नीट जोडलेल्या नव्हत्या. आणि गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे नवी माती टाकत गेल्यामुळे छताचे वजन वाढतच गेले होते. पण कित्येक ठिकाणी भिंती कोसळल्या तरी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. म्हणून उपायही तेच आहेत : ठरावीक अंतरावर भिंतीत आरपार दगड बसवणे, भिंतींना सभोवार बांधून घेणारा पट्टा देणे, खांब आणि तुळई तिरप्या आधाराने जोडणे, आणि छतावरची जादा माती खरवडून काढून जाडी कमी करणे. यांतली बरीच कामे गावातला गवंडी आणि सुतार जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीखाली करू शकतो. पाहुणे आणण्याआधी प्रत्येक घर अशा नजरेने तपासून घ्यावे. जे धोकादायक ठरेल ते बाहेरूनच दाखवावे, यात तडजोड नको.

जी गावे-शहरे या वाटेने गेली आहेत, त्यांच्याकडून शिकण्यासारखे बरेच आहे. अहमदाबादला महापालिकेने १९ नोव्हेंबर १९९७ रोजी जुन्या शहरातली पदयात्रा सुरू केली. काळूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघून पोळ म्हणवणाऱ्या जुन्या वस्त्यांमधून, हवेल्यांसमोरून, जामा मशिदीपर्यंत. पहिल्या दिवसापासून सुरुवात देवळापासून ठेवली, कारण लोक तिथे आधीच येत होते. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा शहर म्हटले. लिंबागणेशलाही पदयात्रा भालचंद्राच्या दारातूनच सुरू करता येईल.

गोव्यात चांदरला मिनेझिस ब्रागांझांचे मोठे घर आहे. पत्रकार आणि स्वातंत्र्याचे कैवारी लुईस दि मिनेझिस ब्रागांझा (१८७८-१९३८) याच घराण्यातले. आज घराचे दोन भाग दोन कुटुंबांकडे आहेत, ती तिथेच राहतात आणि पाहुण्यांना स्वतः घर दाखवतात. देणगी देणे पाहुण्याच्या इच्छेवर असते. यजमान राहत असलेले घर आणि रिकामे करून तिकीट लावलेले घर, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. उलट मुंबईच्या गिरगावात खोताची वाडी पाहायला लोक हौसेने जातात, तरी तिथली निम्म्याहून अधिक जुनी घरे आज राहिलेली नाहीत. नुसते कौतुक करून घर वाचत नाही. घरमालकाच्या हातात दुरुस्तीला पैसा आला पाहिजे आणि पाडण्याआधी चार माणसांनी त्याच्याशी बोलले पाहिजे.

आणखी एक उदाहरण दूरचे आहे, पण ते ग्रामसभेने ऐकावेच. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठी नॅचेझ नावाचे गाव आहे. १९३१ मध्ये तिथे बागा पाहायला पाहुणे येणार होते आणि कडाक्याच्या थंडीने फुले करपली. गावातल्या बायकांनी मग बागेऐवजी आपली जुनी घरे उघडली. लोकांना ती इतकी आवडली की १९३२ पासून दर वसंतात घरे दाखवण्याची प्रथाच पडली. पण कित्येक वर्षे तिथे फक्त कापसाच्या मळेवाल्यांचा थाट दाखवला गेला. तो थाट ज्यांच्या कष्टावर उभा होता, त्या गुलामांचे नावही कोणी घेत नसे. आज तिथल्या राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात विल्यम जॉन्सनचे घर आहे. जॉन्सन गुलामीतून मुक्त झालेला काळा माणूस, धंद्याने न्हावी. तो रोजनिशी लिहीत असे आणि त्या रोजनिशीतून ते गाव जसे होते तसे समजते. त्याचे घर पाहिल्याशिवाय नॅचेझ पाहिले असे आता कोणी म्हणत नाही.

लिंबागणेशने पहिल्या दिवसापासून हे भान ठेवावे. जुनी घरे म्हणजे फक्त वाडे नव्हेत. कुंभाराची भट्टीलगतची खोली, लोहाराचा भाता, चांभाराची ओटी, मुस्लिम मोहल्ल्यातले दगडी घर, दलित वस्तीतले सगळ्यांत जुने छप्पर, या सगळ्यांनी मिळून गाव झाले. वाड्यात शिरताना मार्गदर्शकाने हेही सांगावे की ढाळजेपर्यंत कोण येऊ शके, ओसरीवर कोण बसू शके आणि कोणाला चौकटीबाहेरच उभे राहावे लागे. हे सांगितल्याने वाड्याची शान कमी होत नाही, गावाचा इतिहास पूर्ण होतो. पुण्यात फुलेवाड्याचे मोठेपण त्याच्या लाकूडकामात नाही. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला, म्हणून लोक तिथे जातात. मुंबईत दादरला बाबासाहेबांचे ‘राजगृह’ आहे. पुस्तकांसाठी बांधलेले घर म्हणून ते पाहताना माणूस गप्प होतो. लिंबागणेशच्या कोणत्या घरात पहिली मुलगी शाळेत गेली, कोणत्या घराने रझाकारांच्या दिवसांत लपलेल्याला भाकरी दिली, कोणत्या घरात पहिले वर्तमानपत्र येऊ लागले, हे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून आताच लिहून घेतले पाहिजे. पाच-दहा वर्षांनी सांगणारे भेटणार नाहीत.

एक काळजी मात्र घ्यायची. गरिबी हे प्रदर्शन नव्हे. बीड जिल्ह्यातली लाखो माणसे दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि घरी म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे तेवढी राहतात. त्या घरांच्या कुलपांचे फोटो काढत कोणी फिरू नये. ज्या घराची स्वतःची इच्छा आहे तेच घर यादीत यावे आणि कोणत्याही दिवशी नको म्हणण्याचा हक्क त्या घरातल्या बाईलाही असावा. चूल, न्हाणी आणि झोपायची खोली मालकाने बोलावल्याशिवाय पाहू नये. देवघराचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये. एका वेळी दहा-बारा माणसांहून जास्त आत सोडू नयेत. हे नियम दारावर लावण्यापेक्षा वाटाड्याने देवळापाशीच सांगावेत.

आता प्रत्यक्ष कामाचे. पहिली पायरी यादीची आहे आणि तिचा कच्चा माल ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून आहे. आकारणीच्या नमुना ८ मध्ये प्रत्येक घराची नोंद असते. बांधकामाच्या प्रकारावर घरपट्टी ठरते, त्यामुळे दगड-मातीचे घर कोणते हेही त्यात लिहिलेले असते. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन नकाशे आणि मिळकत पत्रिका तयार होऊ लागल्या आहेत. नमुना ८ आणि गावठाणाचा नकाशा शेजारी ठेवून शाळेतल्या मुलांनी एका सुटीत गल्लीगल्लीने फिरावे. प्रत्येक जुन्या घराचा फोटो, मालकाचे म्हणणे, गणेशपट्टी आहे का, बळद आहे का, माळवद शाबूत आहे का, एवढे नोंदवावे. भूगोल आणि इतिहासाचा याहून चांगला प्रकल्प शिक्षकांना सापडणार नाही.

दुसरी पायरी घरे निवडण्याची. पहिल्या वर्षी चार-पाच घरे पुरे, पण ती गावाच्या निरनिराळ्या गल्ल्यांतली आणि निरनिराळ्या समाजांची असावीत. तिसरी पायरी माणसांची. गावातल्या तरुण मुला-मुलींना वाटाडे म्हणून तयार करावे आणि प्रत्येकाला एका आजी-आजोबांकडे ऐकायला बसवावे. बचत गटाच्या बायकांनी पाहुण्यांना गल्लीतच भाकरी, पिठले, ठेचा खाऊ घालावा, म्हणजे पैसा देवळासमोरच्या दुकानांपुरता न थांबता गावात आत जाईल. राज्याच्या पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आहे. ज्या घरात स्वच्छ खोली आणि न्हाणी आहे, त्याला तीही पाहता येईल. चौथी पायरी हिशेबाची. जमा झालेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा आणि मृगाच्या आधी माळवदावर माती टाकायला तो पैसा घरमालकाला मिळावा.

पाहुणे कुठून येतील, याचीही चिंता नको. धुळे-सोलापूर महामार्ग मांजरसुंब्यावरून जातो. जवळच कपिलधारला मन्मथ स्वामींची समाधी आहे. पाटोदा तालुक्यात सौताड्याचा धबधबा आहे, पुढे जामखेड, चौंडी आणि १७९५ च्या लढाईचे खर्डा. या वाटेवर भाविक, शाळेच्या सहली आणि इतिहासाचे हौशी लोक पुष्कळ असतात. त्यांना या टापूत किल्ला दिसतो, मंदिर दिसते, धबधबा दिसतो. घर मात्र कुठेच दिसत नाही. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटले. त्यांत मराठवाड्यातला एकही नाही. म्हणून आपल्याकडे दाखवण्यासारखे काही नाही, अशी हळहळ करत बसायची गरज नाही. दुष्काळात माणसांनी बांधलेली आणि राखलेली घरे मराठवाड्याकडे आहेत. ती उभी असेपर्यंतच दाखवता येतील.

ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरते : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. यांपैकी येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. जुन्या घरांची यादी करण्याचा, त्यांतले कोणतेही घर पाडण्याआधी मालकाने ग्रामपंचायतीशी एकदा बोलावे अशी विनंती करण्याचा, आणि येत्या माघी गणेश जयंतीला पहिली चार-पाच घरे उघडण्याचा ठराव करावा. महिला सभेपुढे तो आधी मांडावा, कारण दार उघडण्याचे काम अखेर त्यांनाच करायचे आहे. आणि ज्यांच्या घरावर अजून माळवद आहे, त्यांनी या सभेला न चुकता हजर राहावे, ही त्यांना हात जोडून विनंती.